ल्युअर दोरीला कसा जोडायचा? गाठ, लूप, स्नॅप की स्विव्हल

मालवणजवळच्या कोळंबच्या खाडीवर ल्युअर, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडचं सगळं नवंकोरं होतं. काठी नवी, रीळ नवं, नऊ सेंटिमीटरचा चंदेरी तरंगता ल्युअर नवा. दोरीच्या टोकाला पितळी स्नॅप-स्विव्हल (उघडणारा आकडा आणि फिरकी एकत्र) होता, तोही नवा आणि चांगला बोटाच्या पेराएवढा. ल्युअर पाण्यात पडला की नाक खाली घालायचा आणि ओढला की एका कुशीवर लवंडून सरपटत यायचा. शेजारी वाडीतले तात्या जिवंत कोलंबी लावून गरवत बसले होते. त्यांनी दहा-बारा फेकी मुकाट्याने बघितल्या, मग माझी दोरी हातात घेतली, स्नॅप-स्विव्हल उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “मासो गरवूक इलंस काय बैलाक वेसण घालूक?”

त्या दिवशी मासा लागला नाही हे सांगायला नकोच. पण तात्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. ल्युअर म्हणजे खोटा मासा, आणि त्याचं खोटेपण लपतं ते फक्त त्याच्या हालचालीत. ही हालचाल त्याच्या नाकापाशी ठरते, म्हणजे तुम्ही तो दोरीला जिथे आणि जसा जोडता तिथे. पुढची दोन वर्षं मी हे चुकतमाकत शिकलो. काही ल्युअर खडकांना वाहिले, एक चांगला जिताडा माझ्याच गाठीमुळे गेला. तुमचे पैसे आणि संध्याकाळी फुकट जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. समुद्राकाठचे आणि खाडीतले मासे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण उजनी किंवा पवनेच्या पाण्यात मरळ गरवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. पिशवीत काय हवं

फार नाही. पण यातली एखादी वस्तू नसली की नेमकी तिचीच गरज पडते.

- मुख्य दोरी भरलेलं रीळ
- लीडरसाठी, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्युअर यांच्यामधल्या तुकड्यासाठी, जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन, दोन जाडींचं (२० आणि ४० एलबी, म्हणजे पौंड ताकदीचं, पुरे)
- छोटे आणि मध्यम स्नॅप, गोल तळाचे
- काही बारीक स्विव्हल
- कड्या उघडायची चोचदार पक्कड, आणि गळ काढायला लांब तोंडाची साधी पक्कड
- धारदार छोटी कात्री
- नख कापायचं यंत्र, गाठीचं टोक नीट कापायला
- सुरमईच्या मागे जाणार असाल तर तारेचा लीडर
- चष्मा किंवा गॉगल. खडकात अडकलेला ल्युअर सुटला की तो सरळ तोंडावर येतो, त्याच्या पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ असतात.

कागदपत्रांचं म्हणाल तर किनाऱ्यावर काठी घेऊन गरवताना मला कुणी काही विचारलं नाही. धरणाच्या जलाशयांचं तसं नाही. तिथे मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी गावात जाऊन विचारा, हो म्हणाले तरच दोरी टाका.

२. आधी हातातली दोरी ओळखा

गाठ कोणती बांधायची हे दोरी ठरवते, म्हणून हे आधी.

नायलॉनची एकपदरी दोरी, जिला आपल्याकडे तंगूस म्हणतात, ती ताणते, गाठ नीट धरते आणि स्वस्त असते. पाणी शोषलं की तिची ताकद थोडी कमी होते. नवशिक्याला मी तंगूसच सुचवेन. तिच्यात चुका खपतात.

विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात (घरी ‘ब्रेड आणायला चाललो’ म्हणून सांगू नका, पाव आणायला लावतील), ती तितक्याच ताकदीच्या तंगूसपेक्षा खूप बारीक असते आणि जवळजवळ ताणतच नाही. माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं. दोष दोन. ती गुळगुळीत असल्याने साधी गाठ तिच्यात सरकून सुटते, आणि खडकाच्या धारेवर किंवा कालवांवर घासली की सुतासारखी तुटते. आपल्या किनाऱ्यावर कालवं नाहीत असा खडक शोधून दाखवा.

फ्लुरोकार्बन दिसायला तंगूससारखंच, पण जड, कडक आणि घासणीला चिवट. ते पाण्यात बुडतं, तर ब्रेड तरंगते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

पाकिटावर ‘एलबी’ लिहिलेलं असतं ती ताकद, पौंडात. ३० एलबी म्हणजे साधारण साडेतेरा किलो. ब्रेडवर ‘पीई’चा आकडा असतो तो जाडीचा. दोन्हींची गल्लत करून दुकानातून भलतीच दोरी घेऊन येणारे मी एकटा नव्हतो, एवढंच सांगतो.

३. मग ल्युअरचं नाक बघा

ल्युअर हातात घ्या आणि दोरी बांधायची जागा नीट पाहा. तिथे तीनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला प्रकार: नाकात आधीच एक गोल, दोन वेढ्यांची कडी आहे, चाव्यांच्या जुडग्याला असते तशी. हिला स्प्लिट रिंग म्हणतात. कडी मोकळी हलते, त्यामुळे ल्युअरला डुलायला जागा मिळते. इथे दोरी घट्ट गाठीने थेट कडीला बांधली तरी चालते.

दुसरा प्रकार: नाकात नुसता तारेचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, आहे, कडी नाही. इथे घट्ट गाठ बांधलीत तर दोरी ल्युअरची मान धरून ठेवते आणि तो लाकडाच्या ढलपीसारखा सरळ येतो. अशा ल्युअरला एकतर लूप (डोळ्यात मोकळं वेटोळं ठेवणारी गाठ) हवा किंवा छोटा स्नॅप. फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये तासून केलेल्या ल्युअरपासून जो तरंगता प्रकार जगभर गेला, त्याच्या नाकात कडी नसते. तो लूपच्या गाठीने बांधा असंच त्याचे उत्पादक सांगत आले आहेत.

तिसरा प्रकार: शिशाच्या डोक्याचा गळ, म्हणजे जिगहेड, किंवा पोकळ रबरी बेडूक. यात डोळा गळाचाच भाग असतो. इथे सहसा थेट गाठ.

आता सापळा. नाकात कडी आहे आणि वरून तुम्ही स्नॅपही लावलात, तर दोन सांधे झाले. वजन वाढतं आणि त्याचं काम मात्र एकच. छोट्या ल्युअरवर तर याने चालच बदलते. कडी काढा आणि स्नॅप ठेवा, नाहीतर स्नॅप काढा आणि कडी ठेवा.

आणखी एक, जो मला जिताड्याने शिकवला. कडीला जिथे तारेची दोन टोकं संपतात तिथे बारीक धार असते. गाठ सरकत तिथे गेली की झटक्यात कापली जाते. बांधून झाल्यावर कडी फिरवून गाठ अखंड भागावर आणा, आणि दर थोड्या फेकींनी ती तिथेच आहे ना हे बघा. माझा जिताडा दोनदा पाण्याबाहेर उडाला, तिसऱ्यांदा दोरी सैल झाली. परत आलेलं टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ होतं. गाठ सुटली असती तर टोक कुरळं झालं असतं. ही खूण लक्षात ठेवा, तुटल्यावर दोष कुणाचा हे टोकच सांगतं: साफ कापलेलं म्हणजे धार, कुरळं म्हणजे सरकलेली गाठ, खरखरीत म्हणजे खडक.

४. ब्रेड असेल तर मध्ये लीडर जोडा

तंगूस वापरत असाल तर ही पायरी सोडून पुढे जा.

ब्रेडच्या टोकाला दीड-दोन हात तंगूस किंवा फ्लुरोकार्बन जोडायचं, तोच लीडर. ब्रेड दिसते आणि घासली की तुटते, म्हणून माशाच्या तोंडाजवळ ती नको. जिताड्याला (गोव्यात यालाच चोणक म्हणतात) दात असे नसतात, पण कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. तांबोशी गळ लागताच सरळ खडकाच्या कपारीत शिरते. दोघांसाठी मी ४० एलबीचा लीडर लावतो, मुख्य ब्रेड २० किंवा ३०ची असली तरी.

जोडायला दोन गाठी. सोपी ती डबल युनी: दोन्ही दोऱ्यांची टोकं समोरासमोर आणायची, प्रत्येकीने दुसरीवर वेढे घ्यायचे (ब्रेडचे आठ, लीडरचे चार-पाच), मग दोन्ही गाठी एकमेकींकडे ओढून भिडवायच्या. अवघड ती एफजी. तिच्यात लीडर सरळ राहतो आणि ताणून धरलेली ब्रेड त्याच्यावर आलटून पालटून वरून-खालून अशी वीसेक वेळा विणली जाते. गाठ बारीक होते आणि काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते. ओढून आवळल्यावर विणीचा रंग गडद होतो, तसा झाला नाही तर ती अजून बसलेली नाही.

एफजीच्या मागे पहिल्याच महिन्यात लागू नका. वाऱ्यात, खडकावर, संधिप्रकाशात ती बांधायला बसलात तर भरती निघून जाते. डबल युनीने मी दोन मोसम काढले आणि गाठीमुळे फारसं बिघडलं नाही. ती जरा जाड होते, म्हणून लीडर एवढाच ठेवा की फेकताना गाठ काठीच्या टोकाच्या कडीबाहेर राहील.

५. तीन गाठी पुरतात

गाठींची यादी संपत नाही. तीन नीट येऊ द्या, त्यातही तिसरी सर्वांत महत्त्वाची. शिकायला दोरी नको, पायजम्याची नाडी घ्या आणि पक्कडीचं हँडल किंवा कपाची कान असलेली बाजू ल्युअर समजा. जाड नाडीत वेढे दिसतात.

युनी. टोक डोळ्यातून घालून वीतभर परत आणा, मुख्य दोरीला समांतर. टोक डोळ्याकडे वळवून एक वेटोळं करा. आता टोकाने त्या वेटोळ्यातून, दोन्ही दोऱ्यांभोवती, पाच-सहा वेढे घ्या. ओलं करा, टोक ओढून वेढे आवळा, मग मुख्य दोरी ओढून गाठ डोळ्यापर्यंत सरकवा. तंगूस आणि लीडर यांसाठी ही भरवशाची. काहीजण ती अर्ध्यात थांबवून लूपसारखी वापरतात, पण मासा ओढू लागला की ती सरकत जाऊन घट्ट होते.

पालोमार. दोरी दुहेरी करून ते दुहेरी टोक डोळ्यातून घाला, त्या दुहेरी दोरीची साधी गाठ सैलसर मारा, मग पुढे राहिलेल्या वेटोळ्यातून अख्खा ल्युअर पार करा आणि दोन्हीकडून ओढा. ब्रेड थेट बांधायची असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण दोन तीनतोंडी गळ असलेला लांब ल्युअर वेटोळ्यातून काढायचा म्हणजे बोटात गळ जायचं आमंत्रण. ती जिगहेड, बेडूक, स्नॅप आणि स्विव्हल यांच्यापुरती ठेवा.

न सरकणारा लूप. हीच ती, जिच्यामुळे माझा चंदेरी ल्युअर पहिल्यांदा मासा दिसला. अमेरिकेतले नावाजलेले गळकरी लेफ्टी क्रे यांनी ती लोकप्रिय केली.

टोकापासून वीतभर जागा सोडून दोरीवर एक साधी गाठ मारा, पण आवळू नका, बोट जाईल एवढी उघडी ठेवा. टोक ल्युअरच्या डोळ्यातून घाला. आता ते परत त्या उघड्या गाठीतून आणा, आणि इथे लक्ष द्या: दोरी गाठीतून ज्या बाजूने बाहेर पडली होती त्याच बाजूने टोक आत घालायचं. उघडी गाठ डोळ्याच्या जवळ सरकवा, म्हणजे लूप छोटा होईल. करंगळीच्या नखाएवढा लूप पुरे. मग टोकाने मुख्य दोरीभोवती वेढे घ्या. दोरी जितकी बारीक तितके वेढे जास्त: ८ ते १२ एलबीला पाच, १५ ते ४०ला चार, ५०-६०च्या जाड दोरीला तीन. शेवटी टोक परत उघड्या गाठीतून काढा, पुन्हा ज्या बाजूने आलं त्याच बाजूने. थुंकी लावून ओलं करा, आधी टोक हळू ओढून वेढे बसवा, मग मुख्य दोरी आणि ल्युअर दोन्हीकडे ताणा.

बाजू चुकली तरी गाठ बसल्यासारखी दिसते, पण कमकुवत असते. मी पहिल्या वीसेक गाठी तशाच चुकीच्या बांधल्या होत्या. लूप फार मोठा ठेवलात तर फेकताना पुढचा गळ त्यात अडकतो. हा लूप ब्रेडवर नको, लीडरवर बांधा.

कुठलीही गाठ कोरडी आवळू नका. घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच कच्ची होते. आणि ब्रेड दातांनी तोडू नका. तुटत नाही, दात मात्र दुखतात.

घरी परीक्षा घ्या. दहा लिटर पाण्याची बादली म्हणजे बादली धरून दहा किलोच्या थोडं वर. ल्युअरऐवजी मजबूत हुक बांधून बादली हळू उचला. ३० एलबीच्या लीडरवरची गाठ हे आरामात पेलायला हवी. सरकली तर का सरकली ते बघा, वेढे वाढवा, परत उचला. फरशीवर नव्हे, अंगणात करा. घरचा राग हा वेगळा विषय आहे.

तुलनेसाठी: रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोरात ओढल्यावर सुटेल तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवतात. ३० एलबीला साडेतीन ते साडेचार किलो. गाठ इतकीच मजबूत हवी असं नव्हे, पण बादली पेलणारी गाठ ड्रॅग नीट असेल तर माशाकडून सुटत नाही.

६. स्नॅप आणि स्विव्हल: दोन वेगळ्या वस्तू

नवशिक्यांचा सगळ्यांत मोठा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

स्नॅप म्हणजे उघडणारा-मिटणारा तारेचा आकडा. त्याचं काम ल्युअर झटपट बदलणं आणि ल्युअरला मोकळं हलू देणं. स्विव्हल म्हणजे दोन्ही टोकांना डोळे असलेली छोटी फिरकी. तिचं काम एकच, दोरीला पीळ पडू न देणं. दुकानात दोन्ही एकत्र जोडलेले मिळतात आणि स्वस्त असतात, म्हणून प्रत्येक नवा माणूस तेच घेतो आणि सगळ्या ल्युअरना लावतो. पण बहुतेक ल्युअर फिरतच नाहीत. ते डुलतात, थरथरतात, डावी-उजवीकडे झेपावतात. त्यांना स्विव्हल म्हणजे नाकावर नुसतं ओझं.

स्नॅप घेताना तळ बघा. तळ गोल असेल तर ल्युअरचा डोळा त्यात मधोमध बसून दोन्हीकडे डुलतो. तळ टोकदार असेल तर डोळा कोपऱ्यात अडकून ल्युअर एका बाजूला कलतो. सेफ्टी पिनसारखा बारीक पत्र्यात मिटणारा स्वस्त प्रकार मोठ्या माशाखाली उलगडतो. तो पाहिजे तर शिसे टांगायला वापरा. दोन्ही टोकं उघडणारा डुओलॉक मी मध्यम माशांना वापरतो, मोठ्यांसाठी तार आडवी अडकते तो जाड प्रकार.

मापाबद्दल माझं मत ठाम आहे: ल्युअर पेलेल एवढा लहान स्नॅप घ्या. ‘मोठा लावला की मजबूत’ हा विचार ल्युअर मारतो. विशेषतः जो ल्युअर ओढणं थांबवल्यावर पाण्यात मधोमध स्थिर राहतो, त्याचं वजन कारखान्यात ग्रॅमच्या अंशापर्यंत जुळवलेलं असतं. त्याच्या नाकावर जाड स्नॅप चढवला की तो नाकावर बुडू लागतो.

आणि समुद्रावरून आल्यावर स्नॅप गोड्या पाण्याने धुवा. पावसाळी दमट हवेत खारवलेला स्नॅप बाहेरून चकचकीत दिसतो, आत वाकण्याच्या जागी गंजलेला असतो. उघडताना कुरकुरला तर फेकून द्या, पाच-दहा रुपयांसाठी दोनशे-चारशेचा ल्युअर जातो.

७. कोणत्या ल्युअरला काय

तरंगता किंवा बुडता मासोळी-आकाराचा ल्युअर: नाकात कडी असेल तर घट्ट युनी, नसेल तर लूप किंवा बारीक गोल स्नॅप. शंका आली तर लूप.

पृष्ठभागावरचे, म्हणजे खळखळाट करणारा पॉपर आणि नागमोडी चालणारा पेन्सिल. यांच्यासाठी लीडर तंगूसचा घ्या. फ्लुरोकार्बन बुडतं, त्यामुळे छोट्या पॉपरचं तोंड खाली ओढलं जातं. लीडरचा दुसरा फायदाही इथेच दिसतो. पेन्सिल चालवताना दोरी सारखी सैल सोडावी लागते आणि नुसती ब्रेड असेल तर ती पुढच्या गळाला गुंडाळते. कडक तंगूस गुंडाळत नाही. जोडायला कडी किंवा लूप. स्विव्हल नको.

स्पिनर, ज्याचं पातं तारेभोवती फिरतं. हा दोरीला पीळ घालण्यात एक नंबर. इथे स्विव्हल हवाच. पण तो ल्युअरच्या तोंडाशीच नको, लीडरच्या मागच्या टोकाला, हातभर अलीकडे बसवा. म्हणजे पीळ तिथे थांबतो आणि ल्युअरजवळ लोखंडी गोतावळा राहत नाही. स्पून, म्हणजे चमचा, फार वेगात ओढला की गरगरतो, त्यालाही हीच जोडणी.

पीळ पडला की दोष नेहमी ल्युअरचाच नसतो. स्पिनिंग रिळावर मासा ड्रॅगमधून दोरी काढत असताना तुम्ही हँडल फिरवत राहिलात तर दोरी गुंडाळली जात नाही, फक्त पिळली जाते. रिळाचा गिअर ५.२ असेल तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पाचेक पीळ. मासा पळतोय तेव्हा हँडल सोडा. स्विव्हल इथे तुम्हाला वाचवणार नाही.

मेटल जिग: वजनदार धातूचा मासा, वर-खाली खेळवायचा. याच्या नाकात एक स्प्लिट रिंग आणि तिला अडकवलेली एक अखंड कडी. लीडर अखंड कडीला बांधा, दोऱ्याचा मोकळा गळही त्याच अखंड कडीला. मासा लागला की ताण दोरी–अखंड कडी–गळ असा सरळ जातो, जिग बाजूला लोंबते. लीडर चुकून स्प्लिट रिंगला बांधलात तर सगळा भार तिच्यावर येतो आणि ती उघडते.

रबरी ल्युअर जिगहेडवर: थेट युनी किंवा पालोमार. पाणी संथ असेल आणि रबराची शेपटी जास्त नाचवायची असेल तर लूप.

मरळीसाठी पोकळ बेडूक: जलपर्णी आणि गवतात टाकायचा, म्हणून लीडर नाही, स्नॅप नाही, स्विव्हल नाही. तिथल्या प्रत्येक गाठीला आणि लोखंडाला गवत लागतं. ४०-५० एलबीची ब्रेड थेट पालोमारने. लाल-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर मात्र बेडूक तिथे टाकू नका. खाली राखणीला मरळ बसलेली असते आणि ती गेली की पिल्लांवर बाकीचे मासे तुटून पडतात.

८. दातवाले

सुरमई, करली, बाराकुडा. यांच्या दातांपुढे ४० काय, ८० एलबीचं फ्लुरोकार्बनही टिकेलच असं नाही. इथे वीतभर तारेचा लीडर. दोन्ही टोकांना दाबून बसवलेली धातूची नळी आणि डोळा असलेले तयार लीडर मिळतात, नवशिक्याने तेच घ्यावेत. एकेरी कडक तारेला गाठ बसत नाही, ती विशिष्ट पद्धतीने पिळावी लागते, ते पुढे कधी शिका. एका टोकाला स्विव्हल, दुसऱ्याला मजबूत स्नॅप, आणि तार लागेल तेवढीच जाड. जाड तारेने ल्युअर मरगळतो आणि सुरमई मागे येऊन वळून जाते. तारेला एकदा वळ पडला की सरळ करत बसू नका, तिथूनच ती तुटते.

तांबोशी, जिताडा आणि गोबऱ्याला मात्र तार लावू नका. फुकट ल्युअरची चाल बिघडते.

९. पाण्यावर गेल्यावर

निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खडकावरून परतायची वाट पाण्याखाली जाते. गाठ बांधायला खाली मान घालून बसलात की पाणी किती चढलं हे कळत नाही. गाठ बांधायची तर आधी वर, कोरड्या जागी या. माझी चप्पल एकदा याच कारणाने गेली, आणि ती फक्त चप्पल होती म्हणून हे सांगायला मी आहे.

पहिली फेक जवळच टाका, पायाशी, आणि ल्युअर चालतो कसा ते डोळ्यांनी बघा. एका बाजूला पळत असेल तर आधी जोडणी तपासा: स्नॅप मोठा आहे का, गाठ डोळ्याच्या एका कडेला सरकली आहे का. जोडणी ठीक असेल तरच नाकातली तार पक्कडीने किंचित वाकवा, ल्युअर ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला. केसभरच.

प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर लीडरची शेवटची वीतभर दोरी बोटांच्या चिमटीतून फिरवा. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधा. आळस येतो, मलाही येतो. मासे उठलेले असतात, दोन मिनिटं जीवावर येतात, आणि नेमका पुढचाच मासा मोठा असतो.

ल्युअर खडकात अडकला तर काठी वाकवून ओढू नका, काठी तुटते. ब्रेड हाताला गुंडाळूनही ओढू नका, ती बोट हाडापर्यंत कापते. लाकडाच्या तुकड्याला दोन-चार वेढे द्या, तोंड दुसरीकडे करा आणि सरळ रेषेत ताणा. जोडणी नीट असेल आणि लीडर ब्रेडपेक्षा जास्त ताकदीचा नसेल तर बहुतेक वेळा दोरी ल्युअरजवळच्या गाठीत तुटते, लीडर आणि वरची ब्रेड परत येते. तसं असूनही वर डबल युनीतच तुटत असेल तर ती गाठ परत शिकायची वेळ आली आहे.

कापलेले दोरीचे तुकडे खडकावर सोडू नका. पाणबगळ्याच्या पायाला गुंडाळलेली तंगूस मी पाहिली आहे, सोडवायला गेलो तर तो उडून गेला, दोरीसकट. रिकाम्या गोळ्यांची एक डबी खिशात ठेवा, तुकडे तिच्यात. माझी डबी महिन्याभरात भरते, त्यातले निम्मे तुकडे चुकलेल्या लूपचे असतात, अजूनही.